गाय सारखी उलटते? आधी पिशवीकडे बघा

गाय वेळेवर माजावर येते, सोट (माजात योनीतून येणारा चिकट स्राव) अगदी काचेसारखा स्वच्छ, कृत्रिम रेतन केलं की बरोबर २१ दिवसांनी मॅडम परत माजावर! असं तीन-चार वेळा झालं, म्हणजे गाय उलटत राहिली, की शिव्या खातो रेतन करणारा, नाहीतर सिमेन. पण बऱ्याचदा घोळ झालेला असतो कित्येक आठवडे आधी, व्यायल्यानंतरच्या दिवसांत, गर्भाशयाच्या, म्हणजे पिशवीच्या, आतल्या अस्तरात.

व्यायल्यावर पिशवीचं तोंड उघडं असतं त्यामुळे जंतू आत शिरतातच, पहिल्या दोन आठवड्यांत जवळजवळ प्रत्येक गायीत ते सापडतात, तेव्हा नुसते जंतू असणं म्हणजे आजार नाही. ९-१० किलोची पिशवी महिनाभरात किलोभरावर येते, त्यासोबत पांढऱ्या पेशी जंतू खाऊन साफसफाई करतात आणि नवं अस्तर चढतं. या कामात सूज येणारच. प्रश्न ती वेळेत उतरते का हा आहे.

वार (वासराभोवतीची झिल्ली) अडकली, वासरू ओढून काढावं लागलं, जुळी झाली की धोका वाढतो. त्यात दूध वाढतंय पण गाय खातेय कमी, कॅल्शियमही खाली, मग पांढऱ्या पेशी सुस्तावतात. आधी ई. कोलाय हा जंतू जम बसवतो, मागून ट्रुपेरेला पायोजेनिस नावाचा दुसरा जंतू येतो आणि त्याचं विष पेशींना अक्षरशः भोकं पाडतं.

पहिल्या तीन आठवड्यांत घाण वासाचा, पाणचट लालसर स्राव आणि ताप आला तर तो मेट्रायटिस (पिशवीची सूज), त्यानंतरही सोटात पू दिसला तर एंडोमेट्रायटिस (अस्तराची सूज). हे निदान कळतं तरी. खरा चकवा तिसऱ्या प्रकाराचा, छुप्या सुजेचा, बाहेर काहीच दिसत नाही, अस्तराला बारीक ब्रश फिरवून मायक्रोस्कोपखाली पाहिलं तरच पांढऱ्या पेशींची गर्दी सापडते.

आता मजा बघा, नुकसान पिशवीपुरतं राहत नाही. ई. कोलायच्या कवचातलं विष बीजकोशातल्या (बीज ज्यात वाढतं त्या फुग्यातल्या) पाण्यापर्यंत पोचतं, तिथे माज आणणारं इस्ट्रोजेन कमी बनतं, मग माज मुका जातो (लक्षणंच दिसत नाहीत) किंवा बीज उशिरा सुटतं. आणि बीज तयार व्हायला काही महिने लागतात, म्हणजे आज सुटणारं बीज इन्फेक्शनच्या काळात वाढत होतं! पिशवी साफ झाली तरी पुढचे काही महिने गाभण राहण्याचं प्रमाण कमी दिसतं ते बहुतेक यामुळेच.

समजा फळलंच, तर ४-५ दिवसांनी गर्भ पिशवीत उतरतो आणि साधारण १६व्या दिवसापर्यंत त्याला 'मी आहे' असा रासायनिक निरोप गायीला द्यावा लागतो. सुजलेल्या अस्तरात तो त्याआधीच मेला तर गाय ठरल्या दिवशी माजावर येते आणि आपण म्हणतो की राहिलीच नाही.

उपचारात प्रोस्टाग्लँडिन या संप्रेरकाचं इंजेक्शन वापरतात, ते अंडाशयावर पीतपिंड (बीज सुटल्यावर तिथे बनणारी गाठ) असेल तरच माज आणतं, आणि फायदा सगळ्या अभ्यासांत सारखा दिसलेला नाही. पू असेल तर डॉक्टर पिशवीत अँटिबायोटिक सोडतात. पण उलटली की सोड औषध, हे मला पटत नाही, कारण छुप्या सुजेत बऱ्याचदा जंतू उरलेलेच नसतात. आणि अडकलेली वार हात घालून ओढायचा मोह तर होऊच देऊ नका, वार निघते पण सोबत अस्तर सोलवटतं, आणि नेमकं तेच तर जंतूंना हवं असतं.