कर्जमाफी आणि नैतिक जोखीम (विदर्भ)

कर्जमाफी म्हणजे शेतकऱ्याचे थकलेले पीककर्ज सरकारने बँकेला फेडणे. पैसा शेतकऱ्याच्या हाती येत नाही, कर्जखात्यात जमा होतो. पुन्हा माफी होईलच या भरवशावर ऐपत असूनही कर्ज न भरण्याची सवय लागते, तिला अर्थशास्त्रात नैतिक जोखीम म्हणतात. संज्ञा विमा व्यवसायातली. विदर्भात मात्र परतफेड पाऊस आणि कापसाच्या भावावर टांगलेली असते, त्यामुळे बुडवणारा आणि बुडालेला यांत फरक करणे अवघड जाते.

१९९० च्या माफीची मर्यादा १०,००० रुपये होती. २००८ मध्ये ५ एकरांपर्यंत पूर्ण माफी मिळाली. त्यावरच्यांना उरलेली रक्कम भरण्याच्या अटीवर सूट होती. या निकषाने विदर्भावर अन्याय झाला. यवतमाळकडचा ७ एकर कोरडवाहूचा मालक कागदावर मोठा ठरला आणि ४ एकर ओलिताचा बागाईतदार पूर्ण माफीत बसला. २०१७ मध्ये राज्याने दीड लाखाची, तर डिसेंबर २०१९ मध्ये २ लाखांची मर्यादा ठेवली.

जोखीम खरी कुठे जन्मते ते २०१९ च्या योजनेत दिसते. दोन शेजाऱ्यांवर प्रत्येकी १,२०,००० रुपये कर्ज आहे असे धरू. एकाने मिळेल त्या भावात कापूस विकून ३१ मार्चच्या आत गावच्या सहकारी सोसायटीचे कर्ज भरले. त्याला प्रोत्साहन म्हणून जास्तीत जास्त ५०,००० मिळाले, तेही २०२२ मध्ये. दुसऱ्याने भरलेच नाही, आणि त्याचे सगळे कर्ज माफीत फिटले. भरणारा ७०,००० रुपयांनी मागे राहिला, आणि हा हिशेब अख्ख्या गावाने पाहिला.

तरी थकबाकीदार राहणे फुकट नसते. दोन हंगाम थकले की पीककर्ज बँकेच्या हिशेबात अनुत्पादक, म्हणजे वसुली संशयाची, ठरते, कर्ज थकलेले नाही असा बेबाकी दाखला मिळत नाही आणि नवे कर्ज बंद होते. जूनमध्ये बियाणे-खत कृषी केंद्रातून उधारीवर येते, नाहीतर सावकाराकडे जावे लागते. महिना शेकडा ३ ने ४०,००० घेतले तर डिसेंबरपर्यंतचे सहा महिन्यांचे व्याजच ७,२०० होते. वेळेत फेडणाऱ्याला ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज बिनव्याजी पडते. माफी आली तरी आधार प्रमाणीकरणात अंगठा न जुळणे, बँकेत आणि आधारवर नाव वेगळे असणे, मयत खातेदाराचे वारस न लागणे, यांत महिने जातात.

रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी एप्रिल २०१७ मध्ये माफीने परतफेडीची शिस्त मोडते असा इशारा दिला होता. २००८ च्या माफीवरील अर्थतज्ज्ञ गिने आणि कान्झ यांच्या अभ्यासातही नंतरची परतफेड ढासळलेली दिसली, विशेषतः निवडणुकांच्या सुमारास. मात्र सगळा दोष शेतकऱ्यावर टाकणे चूक आहे. माफीची नुसती चर्चा सुरू झाली की वसुली घोषणेच्या आधीच थांबते. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरच्या आंदोलनानंतर सरकारने ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीच्या निर्णयाचे आश्वासन दिले. ३१ मार्चची मुदत त्याआधीची. तेव्हा कोण भरणार?

पीक खरेच बुडाले तर पुनर्गठनाची, म्हणजे परतफेडीची मुदत वाढवून घेण्याची, सोय आहे. नुकसान ३३ ते ५० टक्के असल्यास परतफेडीला २ वर्षांपर्यंत, त्याहून जास्त असल्यास ५ वर्षांपर्यंत मुदत मिळते. पण माफीची चर्चा सुरू असली की यादीतून नाव जाईल या भीतीने शेतकरी त्या कागदावर सही करत नाही.