होस्टिंग कंपनी दाद देत नाही? डोमेन सोडवून घेण्याची प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रं

होस्टिंगवाले उत्तर देईनासे झाले की माणूस आधी चिडतो आणि मग चुकीच्या दारात जाऊन उभा राहतो. वेबसाइट बंद, मेल परत येतायत आणि तिकिटावर दर दोन दिवसांनी ‘आमची टीम लक्ष घालत आहे’ एवढं एकच वाक्य. अशा वेळी कोणीतरी सांगतं, आयकॅनकडे (डोमेन-नावांच्या जागतिक व्यवस्थेवर देखरेख करणारी संस्था) तक्रार कर. हा सल्ला अर्धाच खरा आहे. डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग अशी डोमेन, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, नोंदवणाऱ्या रजिस्ट्रार कंपन्यांशी आयकॅनचा करार असतो, होस्टिंग कंपन्यांशी नसतो. सर्व्हर रडतोय, सपोर्ट उद्धट आहे, पैसे परत मिळत नाहीत, यातलं काहीही आयकॅनच्या कक्षेत येत नाही. पण तीच कंपनी तुमचं डोमेनही अडवून बसली असेल, तर मात्र नियम चांगलेच कडक आहेत. डोमेन ताब्यात असलं की होस्टिंग कुठूनही घेता येतं. म्हणून भांडण नंतर, आधी डोमेन.

पात्रता

डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवण्याचा, म्हणजे ट्रान्सफरचा अर्ज नोंदणीधारकानेच करायचा, म्हणजे डोमेन ज्याच्या नावावर आहे त्याने. बिल कोण भरतं, वेबसाइट कोण चालवतं, याला इथे किंमत नाही. माझ्या एका डोमेनची बिलं मी चार वर्षं भरत होतो. नोंद उघडली तर नाव माझं आणि ईमेल वेबसाइट बनवून देणाऱ्याचा. तो भला माणूस होता, खातरजमेच्या मेलवर त्याने लगेच क्लिक केलं. ईमेल दुरुस्त झाला आणि डोमेनला ६० दिवसांचं कुलूप लागलं, म्हणजे तेवढे दिवस ट्रान्सफर बंद! नोंदणीधारकाचं नाव, संस्था किंवा ईमेल बदलला की हे कुलूप लागतं. काही रजिस्ट्रार ते नको म्हणण्याची सोय देतात, पण तो पर्याय बदल करण्याआधीच निवडावा लागतो. मी फॉर्म न वाचता पुढे गेलो होतो.

नवी नोंदणी झाल्यावर किंवा आधीचं ट्रान्सफर झाल्यावरही पहिल्या ६० दिवसांत अर्ज नाकारला जाऊ शकतो. देशांच्या नावाची डोमेन (डॉट इन वगैरे) या नियमांत बसत नाहीत. त्यांची पद्धत त्या त्या देशाची रजिस्ट्री ठरवते.

समोर नक्की कोण आहे

बऱ्याच होस्टिंग कंपन्या स्वतः रजिस्ट्रार नसतात, दुसऱ्याची डोमेन विकणाऱ्या रीसेलर असतात. आयकॅनच्या लुकअप पानावर डोमेन टाकलं की खरा रजिस्ट्रार, नोंदणीची आणि मुदत संपण्याची तारीख आणि डोमेनची स्थिती दिसते. ही माहिती पूर्वी हूइजमधून मिळायची. जानेवारी २०२५ पासून आरडॅप ही अधिकृत पद्धत आहे. स्थितीत ‘क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड’ दिसलं तर घाबरू नका, ते रजिस्ट्रारने लावलेलं साधं लॉक असतं. रीसेलर गप्प असेल तर थेट रजिस्ट्रारला लिहा. रीसेलरच्या कामाची जबाबदारी करारानुसार रजिस्ट्रारवरच येते.

जवळ काय हवं

सगळ्यात आधी बॅकअप. सीपॅनेलमधून (होस्टिंगचं नियंत्रण-पान) पूर्ण बॅकअप घ्या, डेटाबेसची वेगळी प्रत काढा, मेल आयमॅपने आपल्या मशीनवर उतरवा. त्याच सर्व्हरवर ठेवलेला बॅकअप बॅकअप नसतो. डीएनएसच्या (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जातं ते सांगणारी यंत्रणा) सगळ्या नोंदींचा स्क्रीनशॉटही घ्या. मेल कुठे पोचवायचा ते सांगणाऱ्या एमएक्स नोंदी लोक हमखास विसरतात आणि मग मेल हरवतात.

कागद थोडेच लागतात: डोमेनच्या नोंदणीची पावती, लुकअप पानाचा स्क्रीनशॉट, मागणी केल्याचे मेल किंवा तिकिटं तारखेसकट आणि त्यांना काही उत्तर आलं असल्यास ते. चॅटवर बोलणं झालं असेल तर खिडकी बंद करण्याआधी ते सेव्ह करा. फोनवरचं बोलणं पुराव्यात धरू नका. फोन ठेवल्यावर ‘आपलं आत्ता असं ठरलं’ असा दोन ओळींचा मेल टाकून द्या.

मागणी आणि ५ दिवस

खात्यात लॉक काढायची आणि ऑथ कोड (ट्रान्सफरसाठी लागणारा गुप्त कोड) घ्यायची सोय असेल तर कोणाची परवानगी लागत नाही. नसेल तर नोंदीतल्या ईमेलवरून लिहा: ‘मी या डोमेनचा नोंदणीधारक आहे. ट्रान्सफर लॉक काढावं आणि ऑथ कोड पाठवावा.’ बस्स. सपोर्ट किती वाईट आहे ते या मेलमध्ये लिहू नका, नाहीतर उत्तर त्या तक्रारीचं येतं आणि कोड राहून जातो. मागणी पोचल्यापासून ५ दिवसांत दोन्ही गोष्टी करणं रजिस्ट्रारला बंधनकारक आहे, आणि हे सुट्ट्या धरून मोजलेले दिवस आहेत. नेमसर्व्हर (डीएनएसच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलायला लागते त्याहून अवघड पडताळणी या कामासाठी मागता येत नाही. नेमसर्व्हर एका क्लिकवर बदलत असतील आणि कोडसाठी नोटरीचा कागद मागत असतील, तर तोच तक्रारीचा मुद्दा झाला.

कोड मिळाला की नव्या रजिस्ट्रारकडे ट्रान्सफर सुरू करा. जुन्याने ५ दिवस काहीच उत्तर दिलं नाही तर ट्रान्सफर आपोआप पूर्ण होतं. त्यांची झोप इथे एकदाची आपल्या उपयोगी पडते. ट्रान्सफरबरोबर सहसा मुदत एक वर्षाने वाढते.

आयकॅनकडे तक्रार

५ दिवस उलटूनही कोड आला नाही, तर आयकॅनच्या साइटवर ट्रान्सफरच्या तक्रारीचा फॉर्म आहे. शुल्क नाही. डोमेन, रजिस्ट्रारचं नाव, मागणीची तारीख आणि वरचे पुरावे जोडा. आयकॅन कोड देत नाही, रजिस्ट्रारला जाब विचारतं. पहिली, दुसरी, तिसरी नोटीस आणि तरीही दाद नसेल तर करारभंगाची नोटीस, असा क्रम असतो.

नकार कधी चालतो

फसवणुकीचा पुरावा, न्यायालयाचा आदेश, मालकीचा खरा वाद किंवा डोमेनचे पैसे थकलेले, ही नकाराची कारणं ग्राह्य आहेत. शेवटच्या कारणात चार्जबॅकही मोडतो. म्हणून होस्टिंगच्या रागात बँकेकडून पैसे परत मागवताना बिल नीट बघा. डोमेन आणि होस्टिंग एकाच बिलात असेल तर डोमेनचेही पैसे परत येतील आणि नकाराचं कारण आपणच त्यांच्या हातात देऊ. परताव्याचा विषय डोमेन हलल्यावर काढा. आणि कंपनीने ९९.९ टक्के अपटाइमचं वचन दिलं असेल तर हिशेब करून ठेवा. ३० दिवसांच्या महिन्यात त्यात फक्त ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा बसते.

मुदत संपत आली असेल तर नवी जागा शोधत बसू नका, जुन्याकडेच नूतनीकरण करून टाका. मुदतीनंतर डोमेन रिडेम्प्शनमध्ये (सोडवून घेण्याच्या शेवटच्या टप्प्यात) गेलं की ३० दिवसांत ते सोडवता येतं, पण जादा शुल्क भरून. त्यापुढे ५ दिवसांनी ते कोणीही घेऊ शकतं.

डीएनएसएसइसी (डीएनएसच्या नोंदींवरची डिजिटल सही) चालू असेल तर नेमसर्व्हर बदलण्याआधी ते बंद करा, नाहीतर साइट काही जणांना दिसेल आणि काहींना नाही, आणि दोष नव्या कंपनीवर जाईल. जुनं होस्टिंग आठवडाभर तसंच चालू ठेवा. बाहेरच्या दोन-तीन पत्त्यांवरून स्वतःला मेल पाठवून बघा, ते नव्या डब्यात पडले की मगच जुनं खातं बंद करायला सांगा.