न निघालेल्या सिनेमाची कुळकथा

सत्यजित राय यांचा ‘द एलियन’ कुणीही पाहिलेला नाही. तो निघालाच नाही. तरीही परग्रहावरचा पाहुणा आणि एखादं लहान पोर अशी जोडी पडद्यावर आली की सिनेवेड्यांच्या गप्पांत हे नाव येतं, आणि पाठोपाठ ‘चोरी’ हा शब्द: स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘ई.टी.’ने ही कल्पना उचलली म्हणे. चोरीचं नंतर पाहू. कुळकथा सुरू होते ती मुलांच्या एका बंगाली मासिकात.

‘संदेश’ हे रायांचं घरचंच मासिक. आजोबा उपेंद्रकिशोर यांनी ते १९१३ मध्ये काढलं, त्यांच्या पश्चात वडील सुकुमार यांनी चालवलं. सुकुमार १९२३ मध्ये गेले, तेव्हा सत्यजित अडीच वर्षांचेही नव्हते. पुढे मासिक बंद पडलं. १९६१ मध्ये कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्या साथीने रायांनी ते पुन्हा उभं केलं. अंक काढायचा म्हणजे मजकूर हवा, म्हणून जगभर नाव झालेला हा दिग्दर्शक मुलांसाठी गोष्टी लिहू लागला. रायांच्या विज्ञानकथांचा नायक प्रोफेसर शोंकू तिथूनच आला, आणि १९६२ मध्ये ‘बंकुबाबूर बंधु’, म्हणजे ‘बंकुबाबूंचा मित्र’, ही कथाही.

बंकुबाबू हे खेड्यातल्या शाळेत भूगोल आणि बंगाली शिकवणारे मास्तर. अगदी गरीब गाय. संध्याकाळी श्रीपतीबाबूंकडे अड्डा जमायचा, आणि त्यात मास्तरांची टिंगल ठरलेली. एका रात्री बांबूच्या बनातून घरी जाताना त्यांना आँग भेटतो. प्लूटोला निघालेला, चुकून इथे उतरलेला, चौदा हजार भाषा जाणणारा. तो मास्तरांना बसल्या जागी उत्तर ध्रुव दाखवतो, ब्राझीलचं जंगल दाखवतो, आणि जाता जाता सुनावतो की माणूस चांगला आहेस, पण नको तितकं सोसतोस. मास्तर तडक अड्ड्यावर जातात आणि एकेकाची हजेरी घेतात. यान, यंत्रं, ग्रह हे सगळं निमित्त. गोष्ट खरी त्या अड्ड्याची आहे.

तो काळही अशा कल्पनांना अनुकूल होता. १९६६ मध्ये कलकत्त्यात सायन्स फिक्शन सिने क्लब निघाला. अद्रीश वर्धन, प्रेमेंद्र मित्र ही लेखक मंडळी त्यात होती आणि अध्यक्ष होते राय. (आपल्याकडे मराठी विज्ञान परिषदेची स्थापनाही त्याच वर्षीची.) या क्लबच्या निमित्ताने रायांचा इंग्रज विज्ञानकथाकार आर्थर सी. क्लार्कशी पत्रव्यवहार सुरू झाला. पुढे लंडनमध्ये भेट झाली, तेव्हा रायांनी डोक्यात घोळत असलेली सिनेमाची कल्पना सांगितली. क्लार्कने ती सिलोनमधल्या आपल्या मित्राच्या, माइक विल्सनच्या कानावर घातली. हा विल्सन पाणबुड्या, सिनेमावाला आणि अचाट उत्साही गृहस्थ. तो थेट कलकत्त्यात येऊन थडकला, आणि १९६७ च्या सुरुवातीला रायांनी पटकथा लिहून काढली.

पटकथेत मास्तर गाळले गेले आणि त्यांच्या जागी हाबा नावाचा गावातला गरीब पोरगा आला. यान कमळांच्या तळ्यात उतरतं. पाण्याबाहेर नुसतं टोक दिसतं, आणि गावाला वाटतं देऊळच वर आलं! लगेच पूजा सुरू. बजोरिया नावाचा मारवाडी व्यापारी तिथे संगमरवर बसवायचे मनसुबे रचू लागतो. जवळच एक अमेरिकन इंजिनिअर ट्यूबवेल खणतोय, कलकत्त्याहून पत्रकार आलाय. आणि तो पाहुणा, मोठ्या डोक्याचा, काटकुळ्या हातापायांचा, हाबाच्या स्वप्नात खेळायला येतो, एका रात्रीत भात पिकवतो, गावातल्या सर्वांत कंजूष माणसाच्या आंब्याला अवेळी फळ धरवतो. माझ्या मते हे रायांचं अस्सल विनोदी लिखाण आहे.

बजोरियासाठी ब्रिटिश विनोदी नट पीटर सेलर्स ठरला होता. अमेरिकन इंजिनिअरसाठी मार्लन ब्रँडो, स्टीव्ह मॅक्वीन अशी नावं घेतली जात होती. पैसा कोलंबिया पिक्चर्सचा. पण हॉलिवूडला पोचल्यावर रायांच्या हाती स्वतःच्याच पटकथेची सायक्लोस्टाइल प्रत पडली, आणि तिच्यावर हक्कदार म्हणून विल्सनचंही नाव होतं. तिथून गाडी रुळावरून घसरली. सेलर्सने भूमिका पुरेशी भरीव नाही म्हणून अंग काढून घेतलं, तेव्हा रायांनी त्याला चक्क पद्यात उत्तर पाठवलं. विल्सन पुढे संन्यासी झाला. ही सगळी फरफट रायांनी ऑक्टोबर १९८० मध्ये ‘स्टेट्समन’ या दैनिकात लिहिली, तेव्हा ‘ई.टी.’ यायला अजून दीडेक वर्ष होतं.

११ जून १९८२ ला स्पीलबर्गचा ‘ई.टी.’ लागला. परग्रहावरचा पाहुणा आणि एक मुलगा यांच्या दोस्तीचा हा सिनेमा. साम्य पाहून क्लार्कनेच रायांना स्पीलबर्गला लिहायचं सुचवलं. आपली पटकथा अमेरिकाभर फिरली नसती तर हा सिनेमा झाला नसता, असं राय म्हणत. ती फिरत होती तेव्हा आपण शाळेत होतो, असं स्पीलबर्गचं उत्तर सांगितलं जातं. जन्म डिसेंबर १९४६ चा, म्हणजे १९६७ मध्ये तो विशीत होता, तेव्हा हे उत्तर काही जुळत नाही. पण त्यावरून चोरी सिद्ध होते, असंही नाही. राय कोर्टात गेले नाहीत. गंमत एवढीच, की ‘ई.टी.’सुद्धा आधी कोलंबियाकडेच होता. तिथून सुटला आणि युनिव्हर्सलकडे गेला.

चोरीच्या या वादात दोन्हींमधला फरक मात्र झाकला जातो. ‘ई.टी.’ हा घरातला सिनेमा आहे. स्पीलबर्गच्या आईवडिलांचा घटस्फोट झाला होता, आणि ते एकटेपण त्याने पटकथाकार मेलिसा मॅथिसन हिच्या मदतीने सिनेमातल्या मुलाच्या, एलियटच्या घरात आणून ठेवलं. वडील दुसरीबरोबर मेक्सिकोला गेलेत, आई धावपळीत, आणि गॅरेजमध्ये दोघे भाऊ बापाच्या जुन्या शर्टाचा वास घेतात. मला तो प्रसंग उडत्या सायकलींपेक्षा जास्त आठवतो. रायांचा पाहुणा गावकीत येतो, तळ्यात, शेतात, झाडाखाली. घराचा उंबरा त्याच्या गोष्टीच्या केंद्रात नाही. पोरक्या वयाची खबर असलेल्या रायांनी तो असा बाजूला ठेवावा, याचं मला नवल वाटतं. आणि हिंदीत २००३ मध्ये ‘कोई... मिल गया’ आला, तेव्हा भारताने उचललं ते अमेरिकन वळणच. विधवा आई, मुलगा आणि घरात लपवलेला पाहुणा.

रायांचे चिरंजीव संदीप राय यांनी संपादित केलेल्या पुस्तकात ही पटकथा आणि तिच्याभोवतीची पत्रं २०१८ मध्ये छापून आली. सेलर्सला पाठवलेलं पद्यही त्या प्रकरणातलंच. मोठी भूमिका हवी होती तर आधीच सांगायचं होतंस ना, असा त्याचा सूर आहे.