एक्टोप्लाझम : अमीबाचं आणि अंधाऱ्या खोलीतलं

तळ्याच्या काठाशी कुजलेल्या पानांखालचा गाळ ड्रॉपरनं अलगद ओढून उथळ काचेच्या ताटलीत घ्या आणि त्यात त्याच तळ्याचं गाळलेलं १०० मिलि पाणी घाला. नळाचं पाणी नको, त्यातलं क्लोरीन घात करतं. उकळलेले गव्हाचे तीन-चार दाणे टाकून ताटली झाका आणि थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. दाण्यांवर जिवाणू वाढतात, जिवाणूंवर इतर सूक्ष्मजीव आणि त्यांच्यावर अमीबा. दाणे जास्त पडले तर पाणी दुधाळ होऊन वास मारू लागतं, ऑक्सिजन संपतो आणि सगळंच मरतं.

एक-दोन आठवड्यांनी तळाचा एक थेंब काचपट्टीवर घ्या. वरच्या पातळ काचेखाली दोन्ही बाजूंना केसाचे तुकडे ठेवा, नाहीतर अमीबा चिरडतो. सूक्ष्मदर्शीतून १०० पट मोठं करून पाहा. पहिली पाच-दहा मिनिटं तो अंग आखडून गोळा झालेला असतो. बरेच जण कचरा समजून इथेच पट्टी पुढे सरकवतात. थांबलात तर कडेला एक बोथट फुगवटा दिसेल : छद्मपाद, म्हणजे सरकण्यासाठी अंगातून काढलेला तात्पुरता पाय. त्याच्या टोकाशी आणि सगळ्या कडेनं जो नितळ, दाणे नसलेला थर दिसतो, तेच एक्टोप्लाझम. आतलं एंडोप्लाझम शितं तरंगणाऱ्या पेजेसारखं वाहतं, बाहेरचं खळीसारखं घट्ट असतं.

पण ही दोन वेगळी द्रव्यं नाहीत. आतलं पातळ द्रव्य छद्मपादाच्या टोकाला पोचलं की कडांकडे वळतं आणि घट्ट होतं; शेपटीकडचा घट्ट थर पुन्हा पातळ होऊन आत ओढला जातो. ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू एकमेकांत गुंतले की जेली बनते, सुटले की पातळ होते. एखाद्या दाण्यावर नजर ठेवा : तो मध्यातून धावत पुढे येतो, कडेला पोचतो आणि थबकतो. हे पाहायला मात्र दिवा मंद हवा. अचानक झगझगीत उजेड पडला की वाहणं थांबतं, थोड्या वेळानं पुन्हा सुरू होतं.

उजेड सोसत नाही, असं दुसऱ्या एक्टोप्लाझमबद्दलही सांगत. शब्द ग्रीक : एक्टोस म्हणजे बाहेरचं, प्लाझ्मा म्हणजे घडवलेलं. मृतांशी संपर्क साधता येतो असं मानणाऱ्या परलोकविद्येत तो रुळवला शार्ल रिशे यांनी, १८९० च्या दशकात. रिशे पॅरिसचे नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञ. ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे ॲलर्जीची जीवघेणी प्रतिक्रिया, यावरच्या कामासाठी त्यांना १९१३ चं नोबेल मिळालं. मृतांशी संपर्क करून देण्याचा दावा करणाऱ्या व्यक्तीच्या, म्हणजे माध्यमाच्या, शरीरातून बाहेर पडून मृतांचे चेहरे, हात घडवणारा पदार्थ, असा अर्थ त्यांनी दिला. दिवा लावला तर माध्यमाला इजा होते, असं प्रेक्षकांना बजावलं जाई. अमीबाचा उजेडाला असलेला प्रतिसाद मोजता येतो, पुन्हापुन्हा पाहता येतो. या अटीमुळे मात्र पाहणंच बंद होई.

कॅमेऱ्याच्या फ्लॅशनं ती अट मोडली. फ्रान्सची माध्यम एव्हा कॅरिएर हिच्या छायाचित्रांतले चेहरे ‘ल मिरवार’ या नियतकालिकातून कापलेले निघाले; एका छायाचित्रात त्या नियतकालिकाच्या नावाची अक्षरंच दिसली. बोस्टनची माध्यम ‘मार्जरी’ हिनं दाखवलेला एक्टोप्लाझमचा हात हार्वर्डच्या जीवशास्त्रज्ञांना प्राण्याच्या फुप्फुसाची ऊती कापून केलेला वाटला. लंडनमध्ये १९३१ साली अशा दाव्यांचे तपासनीस हॅरी प्राइस यांनी हेलन डंकन या माध्यमाची तपासणी केली. छायाचित्रांत कापडाची वीण, किनार आणि घड्या स्पष्ट होत्या. चीज गाळायचं विरळ सुती कापड गिळून ती ते उलटून काढते, असा प्राइस यांचा निष्कर्ष होता. एक्स-रे काढायचा म्हटल्यावर ती किंचाळत रस्त्यावर पळाली. मिळालेला एक नमुना अंड्याचा पांढरा भाग लावलेला कागद निघाला.

दुसऱ्या महायुद्धात तिच्या बैठकांना मुलगा किंवा नवरा गमावलेले लोक येत. हलणाऱ्या पांढऱ्या आकृतीत त्यांना आपलं माणूस दिसे, म्हणून ही फसवणूक मला क्षुल्लक वाटत नाही. १९४४ मध्ये १७३५ च्या चेटूकविरोधी कायद्याखाली तिला नऊ महिन्यांची शिक्षा झाली. तिच्या बैठकीतल्या ‘एक्टोप्लाझम’चा एक नमुना केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपलेला आहे. तो कापडाचा आहे.