हॅवॉक (ब्रिटिश विनाशिका, १८९३)

हॅवॉक : ब्रिटिश नौदलाची आद्य विनाशिका म्हणून सामान्यतः मानली जाणारी युद्धनौका. लंडनच्या पूर्व भागात, टेम्स नदीकाठी पॉप्लर येथे असलेल्या यारो कंपनीच्या गोदीत तिची बांधणी झाली. १८९२ च्या जुलैत काम सुरू झाले, १२ ऑगस्ट १८९३ रोजी तिचे जलावतरण झाले आणि जानेवारी १८९४ मध्ये ती पूर्ण झाली. तिची सेवा ब्रिटनलगतच्या समुद्रातच गेली आणि १४ मे १९१२ रोजी ती विकण्यात आली. तिची वर्गभगिनी ‘हॉर्नेट’ हिच्याशिवाय हॅवॉकचा विचार करणे योग्य नाही, कारण या दोन नौका मुळात बॉयलरांविषयीच्या एकाच प्रयोगाच्या दोन बाजू होत्या.

मराठीत रूढ झालेली ‘विनाशिका’ ही संज्ञा मूळ नावाच्या केवळ उत्तरार्धाची आहे. पूर्ण नाव ‘पाणतीर-नौका विनाशिका’ (टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर) असे होते आणि ते ध्यानात घेतल्याशिवाय हॅवॉकचा आकार, तोफा व वेग यांचा उलगडा होत नाही. रॉबर्ट व्हाइटहेड याचा पाण्याखालून जाऊन जहाजावर आदळणारा स्वयंचलित पाणतीर (टॉर्पेडो) १८६० च्या दशकात पुढे आला. १८७०–८० च्या दशकात तो वाहून नेणाऱ्या लहान, स्वस्त व वेगवान नौका युरोपभर बांधल्या जाऊ लागल्या. ब्रिटनमध्ये थॉर्निक्रॉफ्टने बांधलेली ‘लाइटनिंग’ ही यांतील आरंभीची नौका होय. फ्रान्समधील एका नव्या विचारपंथाने अशा नौकांच्या बळावर मोठ्या चिलखती जहाजांचे वर्चस्व मोडता येईल असे प्रतिपादन केले. त्यामुळे इंग्लिश खाडीपलीकडच्या फ्रेंच बंदरांतून रात्री होणारा हल्ला ही ब्रिटिश नौदलाची खरीखुरी चिंता बनली. यावर प्रथम योजलेला उपाय म्हणजे ‘रॅटलस्नेक’ (१८८६) व तिच्यानंतरच्या पाणतीर-तोफनौका. या तोफनौका समुद्रात टिकणाऱ्या होत्या. परंतु ज्यांचा पाठलाग करायचा त्या नौकांपेक्षा त्या मंद होत्या आणि नंतरच्या काहींच्या बॉयलरांनी सतत त्रास दिला.

१८९२ च्या आरंभी रिअर ॲडमिरल जॉन फिशर नौदलाचे कंट्रोलर, म्हणजे जहाजबांधणीचे प्रमुख अधिकारी झाले. प्रचलित वृत्तांत असा की, नौकाबांधणी कारखानदार आल्फ्रेड यारो यांनी फ्रेंच गोद्यांत पाहिलेल्या वेगवान नौकांची हकीकत फिशर यांना सांगितली, त्यांहून वेगवान नौका बांधून देण्याची तयारी दाखविली आणि नव्या नौकांना नाव काय द्यावे या प्रश्नातून ‘डिस्ट्रॉयर’ हा शब्द निघाला. हा वृत्तांत मुख्यतः यारो यांच्या बाजूने आलेला आहे, त्यामुळे त्यात कंपनीचा वाटा थोडा ठळक झाला असणे शक्य आहे. ‘पाणतीर-नौका पकडणारी’ अशा अर्थाची संज्ञा ‘स्विफ्ट’ (१८८४) या नौकेच्या काळापासून वापरात होती. शिवाय नव्या नौकांची मागणी एकट्या यारोकडे गेली नव्हती. १८९२ च्या मध्यास यारो व थॉर्निक्रॉफ्ट यांना आणि १८९३ च्या आरंभी लेअर्ड कंपनीला प्रत्येकी दोन नौका सांगण्यात आल्या. हॅवॉक व हॉर्नेट यारोच्या, ‘डेअरिंग’ व ‘डिकॉय’ थॉर्निक्रॉफ्टच्या, तर ‘फेरेट’ व ‘लिंक्स’ लेअर्डच्या होत. नौदलाने अपेक्षित वेग व शस्त्रे ठरवून दिली आणि तपशीलवार आराखडा कारखान्यांवर सोपविला, म्हणून तिन्ही कारखान्यांच्या नौका परस्परांहून भिन्न झाल्या.

जगातील पहिली विनाशिका कोणती, याविषयी एकमत नाही. स्पॅनिश अधिकारी फेर्नांदो व्हिल्यामिल यांच्या कल्पनेतून साकारलेली ‘डेस्ट्रुक्टोर’ ही नौका स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे बांधली गेली व १८८७ मध्ये स्पेनच्या नौदलात आली. तिच्या नावाचा अर्थच ‘विनाश करणारी’ असा आहे. वेग सुमारे २२.५ नॉट (ताशी सागरी मैल) होता आणि खवळलेल्या बिस्केच्या उपसागरातून ती इंग्लंडहून स्पेनला सुमारे २४ तासांत पोहोचल्याने तिची सागरक्षमता सिद्ध झाली. स्पॅनिश लेखक आद्यत्वाचा मान तिला देतात, तर अनेक ब्रिटिश संदर्भग्रंथ तिची गणना पाणतीर-तोफनौकांत करतात. जपानची ‘कोताका’ ही आणखी एक दावेदार आहे. तिचे भाग यारोनेच इंग्लंडमध्ये घडविले आणि ते योकोसुका येथे जोडण्यात आले. मात्र तिचा वेग सुमारे १९ नॉट होता व घडण मोठ्या पाणतीर-नौकेची होती. हेतूचा निकष लावला तर डेस्ट्रुक्टोरचा दावा सहज नाकारता येत नाही. परंतु पाणतीर-नौकेहून अधिक वेग, तिला बुडवू शकतील अशा तोफा आणि स्वतःचे पाणतीर हे तिन्ही गुण एकत्र येऊन ज्या नौकेची पुढे सलग परंपरा चालली, ती पाहता हॅवॉकपासून आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. सहा ब्रिटिश नौकांत सर्वांत आधी पूर्ण झाल्यामुळे हा मान डेअरिंगऐवजी हॅवॉककडे येतो. व्हिल्यामिल यांचा मृत्यू ३ जुलै १८९८ रोजी सांतियागो द कूबाच्या लढाईत ‘फुरोर’ या विनाशिकेवरच झाला.

हॅवॉकची लांबी सुमारे १८५ फूट व रुंदी १८.५ फूट, म्हणजे प्रमाण दहास एक होते. वजन रिकामे असता सुमारे २४० टन व पूर्ण भरल्यावर सुमारे २७५ टन होते. नाळेकडील (नौकेच्या पुढील टोकाकडील) डेक कासवाच्या पाठीसारखा गोलाकार होता. आदळणारे पाणी दोन्ही बाजूंना ओघळून जावे हा त्यामागील हेतू. प्रत्यक्षात लाटांचे पाणी मागे थेट सुकाणूधारकापर्यंत येई. पुढील लहान मनोऱ्याच्या छतावर एक १२ पौंडी (सुमारे १२ पौंड वजनाचा गोळा फेकणारी) तोफ होती आणि तिच्याखेरीज तीन ६ पौंडी तोफा होत्या. १८ इंची पाणतीरांच्या तीन नळ्यांपैकी एक नाळेत पक्की बसविलेली होती. ही नळी लवकरच निरुपयोगी ठरली, कारण पूर्ण वेगातील नौका स्वतः सोडलेल्या पाणतीरावरच जाण्याचा धोका होता आणि नळीच्या तोंडाशी पाणी उसळून नाळ अधिकच ओली होई. पुढे ती काढून टाकण्यात आली.

तिहेरी प्रसरणाची (वाफ क्रमाने तीन टप्प्यांत वापरणारी) दोन इंजिने नौका पुढे ढकलणारे दोन पंखे (प्रॉपेलर) फिरवीत. हॅवॉक व हॉर्नेट यांत खरा फरक होता तो बॉयलरांत. हॅवॉकमध्ये आगगाडीच्या इंजिनातल्यासारखे दोन बॉयलर होते. त्यांत भट्टीतील तप्त वायू नळ्यांतून जातो व पाणी नळ्यांभोवती असते. हॉर्नेटमध्ये यारोचे स्वतःचे आठ जलनलिका बॉयलर होते. त्यांत पाणी नळ्यांत व आग बाहेर अशी उलट मांडणी असते. पहिल्या प्रकारात पाण्याचा साठा मोठा असल्याने वजन वाढते व वाफ तयार होण्यास वेळ लागतो. त्याहून गंभीर दोष असा की, वेगासाठी भट्टीखोली बंद करून पंख्यांनी हवा दाबून भरली, की नळ्या ज्या पत्र्यात बसविलेल्या असतात तो अतिशय तापतो आणि सांधे गळू लागतात. अशा बंद खोलीत कोळसा ओढणाऱ्या खलाशांच्या दृष्टीने नळी फुटणे म्हणजे कोंडलेल्या जागेत उकळत्या वाफेला तोंड देणे होते. सारख्याच सांगाड्यात दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालवून पाहिल्यामुळे जलनलिका बॉयलर हलके, जलद व सुरक्षित असल्याचे दिसून आले. हॅवॉकचे बॉयलर १८९९–१९०० च्या सुमारास बदलून जलनलिका पद्धतीचे करण्यात आले आणि तिची दोन धुराडी जाऊन तीन आली. त्यानंतरच्या छायाचित्रांत ती निराळीच नौका भासते.

चाचण्यांत हॅवॉकने २६ नॉटांहून किंचित अधिक वेग गाठला. डेअरिंगने तिला याबाबतीत मागे टाकले. हे आकडे जपूनच वापरावे लागतात. त्या काळी चाचणी शांत पाण्यात, कमी भार ठेवून, निवडक कोळसा व कारखान्याचे कसबी भट्टीवाले घेऊन होत असे. भर समुद्रात, नित्याच्या कोळशावर तो वेग टिकत नसे. असे असले तरी पहिल्या सहा नौकांनी नौदलाची खात्री पटवली आणि पाठोपाठ २७ नॉट वेगाच्या ३६ नौका विविध गोद्यांना सांगण्यात आल्या. स्वतः हॅवॉकचे पुढील आयुष्य सराव, प्रशिक्षण व किनाऱ्यालगतची कामे यांतच गेले. शत्रूच्या पाणतीर-नौकांना पळवून लावण्यासाठी जन्मलेल्या या नौकेच्या अंगी पाणतीरहल्ल्याचेही सामर्थ्य होते, त्यामुळे नव्या पाणतीर-नौका बांधण्याची निकडच हळूहळू कमी झाली. १९०३ पासून सेवेत आलेल्या ‘रिव्हर’ वर्गात मात्र कासवपाठी डेक सोडून उंच नाळ स्वीकारण्यात आली आणि चाचणीतील वेगापेक्षा सागरक्षमतेला महत्त्व दिले गेले.

पहिल्या सहांपैकी डिकॉय १३ ऑगस्ट १९०४ रोजी सिली बेटांजवळ ‘अरुण’ या विनाशिकेशी टक्कर होऊन बुडाली. हॉर्नेट १९०९ मध्ये विकली गेली, फेरेट १९११ मध्ये नेमबाजीचे लक्ष्य म्हणून बुडविली गेली, तर डेअरिंग व लिंक्स १९१२ मध्येच विकल्या गेल्या. जुन्या विनाशिकांना अक्षरवार वर्ग देण्याचा नौदलाचा आदेश ऑगस्ट १९१२ चा आहे. तोपर्यंत हॅवॉक सेवेत उरली नव्हती, म्हणून काही सूचींत तिचा समावेश ‘अ’ वर्गात केलेला आढळत असला तरी तो काटेकोरपणे बरोबर नाही. हॅवॉक हे नाव १९३० च्या दशकात आणखी एका विनाशिकेला देण्यात आले. ती १९४० मध्ये नॉर्वेतील नार्विकच्या लढाईत होती आणि एप्रिल १९४२ मध्ये ट्युनिशियाच्या किनाऱ्यावर रुतून नष्ट झाली.