केळीच्या बागेत पोचणारा प्रोग्राम: बिल्ड टूल नेमकं करतं काय?

रावेर तालुक्यातल्या केळीच्या बागेत तापमानाची नोंद ठेवणारा छोटा संगणक बसवायचा आहे, असं धरू. केळीचा हवामानावर आधारित पीकविमा तापमानाच्या आकड्यांवर चालतो. त्यामुळे मे महिन्यात पारा सलग किती दिवस चढाच राहिला, जानेवारीत किती रात्री खाली घसरला, हे मोजणारा प्रोग्राम बागायतदाराच्या कामाचा. तो लिहिला जळगावच्या एका इंजिनिअरिंगच्या मुलीनं, विंडोजच्या लॅपटॉपवर, सी भाषेत. नोंदी गोळा करणारा सर्व्हर लिनक्सवर. बागेत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक. तिथंही लिनक्सच, पण प्रोसेसर एआरएम घराण्यातला. आकडेमोडीचा एक भाग सरांकडून आयता मिळालेला, तो फोर्ट्रान या आकडेमोडीच्या जुन्या भाषेत. एवढंसं काम, आणि त्यात दोन भाषा, दोन ऑपरेटिंग सिस्टिम, दोन जातींचे प्रोसेसर नि किमान दोन कंपायलर.

माणसानं लिहिलेल्या फाइलींचं प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांमध्ये रूपांतर करतो तो कंपायलर. त्यातून निघालेले तुकडे एकत्र सांधतो तो लिंकर. कुठली फाइल कुठल्या कंपायलरला, कुठल्या क्रमानं, काय बजावून द्यायची, हे पाहणारा मुकादम म्हणजे बिल्ड टूल. बाहेरच्या माणसाला हे कारकुनी काम वाटतं, पण घोडं पेंड खातं ते इथंच.

कंपायलरांचं आपल्या खानदेशातल्या बोलींसारखं आहे. धुळ्याकडं अहिराणी, रावेर-यावलकडं लेवा गणबोली, धडगावच्या डोंगरात पावरी. बाजार एकच, पण भाव विचारायची तऱ्हा निराळी. ‘कोड जरा वेगवान कर’ हे लिनक्सवरच्या जीसीसी या कंपायलरला ‘हायफन ओ २’ असं सांगायचं, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला ‘स्लॅश ओ २’ असं. इशारे दाखवायला एकाला ‘हायफन वॉल’, दुसऱ्याला ‘स्लॅश डब्ल्यू ४’. क्लँग नावाचा कंपायलर तेवढा दुभाषी, तो दोन्ही पद्धतींनी ऐकतो.

या मुकादमांतला सगळ्यांत नावाजलेला म्हणजे मेक. १९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी तो लिहिला. निमित्त सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांच्या वैतागाचं. प्रोग्राममधली चूक दुरुस्त झाली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइलच केली नव्हती, आणि बरोबर असलेल्या प्रोग्राममध्ये चूक शोधण्यात त्यांची अख्खी सकाळ गेली. फेल्डमन यांनी उपाय काढला तो असा: कोणती फाइल कशावर अवलंबून आहे ते एकदा लिहून ठेवायचं, मग मूळ फाइलीची वेळ तयार फाइलीपेक्षा नवी असेल तरच काम पुन्हा करायचं. हे सगळं लिहायच्या फाइलीत, म्हणजे मेकफाइलमध्ये, आज्ञेच्या आधी टॅब हवाच, चार स्पेस दिल्या तर चालत नाही; हाही तेव्हाचाच वारसा. नियम गैरसोयीचा आहे हे कळेपर्यंत डझनभर लोक मेक वापरू लागले होते, आणि त्यांची मोडतोड नको म्हणून फेल्डमन यांनी तो तसाच ठेवला. त्या डझनभरांच्या भिडेपायी आजचे विद्यार्थीही अडखळतात. याच मेकसाठी फेल्डमन यांना २००३ साली एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला, तो भाग वेगळा.

वेळेवर भिस्त ठेवण्याचा हा हिशेब बागेत मात्र फसू शकतो. रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंत वीज गेल्यावर चालू राहणारं घड्याळ त्या बोर्डावर नव्हतंच. पाचवीत ते आलं, पण त्याला सेल वेगळा जोडावा लागतो. वीज आली की यंत्र नेटवरून वेळ विचारतं, आणि नेट नसेल तर शेवटची जपून ठेवलेली वेळ धरून पुढं चालतं. समजा बारा वाजता प्रोग्राम बिल्ड केला, मग लोडशेडिंग झालं. चार वाजता वीज आली, पण यंत्राला वाटतंय सव्वाअकरा वाजलेत. तुम्ही तिथल्या तिथं फाइल दुरुस्त केलीत, तिच्यावर शिक्का पडला साडेअकराचा. मेक पाहतो, तयार फाइल बाराची, मूळ फाइल साडेअकराची. म्हणजे काही बदललंच नाही! तो शांतपणे जुनाच प्रोग्राम तुमच्या हाती ठेवतो. म्हणजे जॉन्सन यांचा तोच ताप, फक्त वाट वेगळी. स्कॉन्स किंवा गुगलनं २०१५ साली खुलं केलेलं बेझल यांना हा त्रास नाही, कारण ती टूल वेळेऐवजी फाइलीतल्या मजकुराचा ठसा काढून ताडून पाहतात. थोडी जास्त मेहनत, पण घड्याळाच्या भरवशावर राहावं लागत नाही. माझं मत ठसेवाल्यांच्या बाजूचं.

यंत्रायंत्रांतल्या फरकांवर एक मोठा तोडगा १९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फच्या रूपात काढला. यात यंत्राचं नाव विचारत बसायचं नाही. छोटे छोटे प्रोग्राम कंपाइल करून पाहायचे आणि काय जमतं, काय नाही ते टिपायचं. लॅपटॉपवर बसून बागेतल्या एआरएमसाठी कंपाइल करताना मात्र चाचणीचा प्रोग्राम चालवता येत नाही, कारण तो लॅपटॉपच्या प्रोसेसरचा नाहीच. तिथली युक्ती मला फार आवडते. एखाद्या आकड्याबद्दलचा अंदाज चुकीचा असेल तर कंपाइलच होणार नाही अशी फाइल लिहायची, आणि कंपायलरच्या होकार-नकारावरून अंदाज अर्ध्याअर्ध्यानं आवळत उत्तर गाठायचं. प्रोग्राम न चालवताच माहिती हाती येते.

ऑटोकॉन्फला युनिक्सचं शेल, म्हणजे लिहून दिलेल्या आज्ञा पाळणारा प्रोग्राम, लागतं, विंडोजवर ते मुळात नसतं. ही उणीव भरून काढणारं सीमेक २००० सालच्या सुमारास किटवेअर कंपनीत तयार झालं, वैद्यकीय प्रतिमांवर काम करणाऱ्या एका सॉफ्टवेअर संचासाठी. ते स्वतः कंपाइल करत नाही. एकाच वर्णनावरून लिनक्सवर मेकफाइल, विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओचा प्रकल्प, मॅकवर एक्सकोडचा प्रकल्प लिहून देतं. त्याची स्वतःची भाषा ओबडधोबड आहे. मेसॉन या तशाच दुसऱ्या टूलची त्यापेक्षा स्वच्छ वाटते.

आता सरांचं फोर्ट्रान. सीमधून ‘तापमान’ नावाचं फंक्शन हाकारलं, तर जीफोर्ट्रान कंपायलरनं त्याच्या नावामागं गुपचूप एक अंडरस्कोअर जोडलेला असतो. दोघांची गाठ पडत नाही आणि लिंकर हात वर करतो. क्रमाचा घोळ त्याहून मोठा. फोर्ट्रानची एक फाइल दुसऱ्या फाइलीतलं मॉड्यूल, म्हणजे नाव देऊन बांधलेला कोडचा गठ्ठा, वापरत असेल, तर ती दुसरी आधी कंपाइल झालीच पाहिजे, आणि हे कळायला टूलला आधी फाइली वाचाव्या लागतात. सीचीच पुढची भाषा सी++, तिच्या २०२०च्या प्रमाणात (स्टँडर्डमध्ये) मॉड्यूल आली, तेव्हा हाच प्रश्न तिथंही उभा राहिला.

हेडर फाइलींची, म्हणजे अनेक फाइलींनी मिळून वापरायच्या घोषणांच्या फाइलींची, गंमत तर वेगळीच. कुठल्या फाइलीनं कुठली हेडर ओढून घेतली ते कंपायलर सांगतो. पण मायक्रोसॉफ्टचा कंपायलर ते माणसांच्या भाषेतल्या वाक्यात सांगतो, आणि व्हिज्युअल स्टुडिओची आवृत्ती इंग्रजी नसेल तर ते वाक्यही त्या देशाच्या भाषेत येतं! निंजा या वेगवान टूलमध्ये म्हणून ‘तुमच्याकडं हे वाक्य कसं सुरू होतं’ ते सांगायची वेगळी सोय ठेवावी लागली आहे.

इतकं सगळं जुळलं, तिन्ही यंत्रांवर बिल्ड विनातक्रार झालं, तरी एक जागा उरते. ६४ बिटांच्या विंडोजवर सी भाषेतला ‘लाँग’ हा आकडा ३२ बिटांचा असतो, ६४ बिटांच्या लिनक्सवर मात्र ६४ बिटांचा. नोंदीला सुरुवात झाल्यापासूनचा काळ मिलिसेकंदांत अशा ‘लाँग’मध्ये साठवला, तर विंडोजवर २,१४,७४,८३,६४७ या आकड्यापुढं जागाच नाही. म्हणजे पंचवीस दिवस पुरे व्हायच्या आतच वेळ उणे दिसू लागणार, आणि बागेतल्या पायवर ६४ बिटांचं लिनक्स असेल तर तिथं सगळं सुरळीत चालू राहणार. बिल्ड टूलच्या लेखी यात काही वावगं नाही. दोन्हीकडं कोड कंपाइल झालाच की. सी भाषेच्या १९९९च्या प्रमाणापासून नेमका ६४ बिटांचा पूर्णांक नावानं मागता येतो. जळगावच्या त्या मुलीनं इथं तो मागावा, म्हणजे मेच्या नोंदी जूनपर्यंत टिकतील.