पार्श्वभूमी: टूलने वेळ वाचतो, हे मोजायचं कसं?

कोड लिहायला एआय टूल वापरता ना, मग दर कमी करा, ही ग्राहकांची मागणी आता ऐरोली-पवईतल्या आयटी कंपन्यांना कंत्राटाच्या नूतनीकरणावेळी ऐकावी लागते. माणसामागे तासाचा दर लावणाऱ्या धंद्यात हा प्रश्न थेट पगारवाढीपर्यंत पोहोचतो.

प्रश्न जुना आहे. १९६८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ अनुभवी प्रोग्रॅमरना दोन प्रोग्रॅम लिहायला दिले होते. टर्मिनलवर, म्हणजे कॉम्प्युटरला थेट जोडलेल्या कीबोर्डवर बसून काम लवकर होतं, की प्रोग्रॅम मशीनकडे सोपवून निकालाची वाट पाहिल्याने, हे पाहायचं होतं. टर्मिनल सरस ठरलं. पण माणसामाणसांतला फरक त्याहून कितीतरी मोठा निघाला. डिबगिंगच्या, म्हणजे चुका शोधून दुरुस्त करण्याच्या वेळात तो २८ पट सांगितला गेला. हा आकडा फुगलेला असल्याचं पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं, तरी मूळ अडचण उरलीच: माणसामाणसांतल्या फरकात टूलचा परिणाम झाकला जातो.

मग १९७९ मध्ये फंक्शन पॉइंट, म्हणजे सॉफ्टवेअर काय काय करतं यावरून त्याचा आकार मोजणारे गुण आले. कामाचा आकार ठरवायला ते बरे होते, पण टूलचा वाटा त्यांतून वेगळा निघत नव्हता.

खरी गर्दी २०२२ नंतरची. एका टूलच्या निर्मात्यांच्याच प्रयोगात ९५ प्रोग्रॅमरना जावास्क्रिप्टमध्ये एचटीटीपी सर्व्हर, म्हणजे ब्राउझरच्या मागणीला उत्तर देणारा प्रोग्रॅम लिहायला सांगितला. टूल मिळालेल्यांनी तो ५५.८ टक्के कमी वेळात संपवला. आकडा खोटा नाही. मात्र काम कोऱ्या पाटीवरचं होतं. आपल्याकडे वर्षानुवर्षं चाललेल्या बँकिंग सिस्टिममध्ये एखादी अट बदलायची असते, आणि तिथे लिहिण्यापेक्षा जुना कोड वाचण्यातच दिवस जातो.

वाद पेटला तो २०२५ च्या प्रयोगावरून. त्यात १६ अनुभवी डेव्हलपर आपापल्या ओपन सोर्स (कोड सर्वांसाठी खुला असलेल्या) प्रकल्पांतली २४६ कामं करत होते. संशोधकांनी माणसांचे दोन गट पाडले नाहीत. प्रत्येक कामाला एआय वापरायचं की नाही, हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. त्यामुळे प्रत्येकाची तुलना स्वतःशीच झाली, आणि १९६८ ची अडचण बरीचशी सुटली. निकाल: एआय असताना १९ टक्के जास्त वेळ लागला. सुरुवातीला डेव्हलपरचा अंदाज २४ टक्के वेळ वाचेल असा होता. काम संपल्यावरही २० टक्के वाचला, असंच त्यांना वाटत होतं.

माणसं थोडी, टूलचा सराव कमी, असे आक्षेप आले. ते रास्त आहेत. हा १९ चा आकडा सगळीकडे लावू नये. पण डेव्हलपरना नुसतं विचारून काढलेल्या टक्केवारीवर दर ठरवणं यापुढे चुकीचंच आहे, आणि बहुतेक सर्वेक्षणं नेमकं तेच करतात.

कोणत्या कामाला किती तास गेले याची टाइमशीटही कामी येत नाही. शुक्रवारी संध्याकाळी भरताना प्रोजेक्ट कोड असतो, डेव्हलपमेंट असतं, टेस्टिंग असतं. टूलने लिहिलेला कोड तपासून दुरुस्त करण्यात गेलेले दोन तास डेव्हलपमेंटमध्येच टाकावे लागतात. त्यांच्यासाठी वेगळा रकाना आणि तिकिटांवर, म्हणजे नोंदवलेल्या एकेका कामावर, तशीच यादृच्छिक निवड, एवढं एका टीमने काही महिने केलं तरी ग्राहकासमोर ठेवायला स्वतःचा आकडा मिळेल. दराची बोलणी त्यानंतर व्हावीत.